झोपेचा पंचनामा

आदेश पष्टे मुरबाडच्या एका गादी कारखान्यात पॅकिंगला होता, आणि एका दुपारी तो गाद्यांबरोबर शहापूरला पोचला.

तसा दोष कुणाचाच नव्हता. टेम्पोत गाद्या रचताना तो सगळ्यात वरच्या गादीवर जरासा टेकला. टेकला म्हणजे झोपला. आदेशच्या बाबतीत या दोन वेगळ्या क्रिया नव्हत्या. लोडिंगवाल्यांनी खालून ताडपत्री ओढली, दोर आवळला आणि टेम्पो निघाला. सरळगाव गेलं, किन्हवली गेलं. आदेशला स्वप्नात दिसत होतं की आपण गादीवर बसून भाताच्या खाचरांवरून तरंगत चाललोय, आणि खाली म्हसा गावच्या जत्रेतले बैल माना वर करून आपल्याला वाट देतायत. शहापुरातल्या दुकानदारानं ताडपत्री काढली, बराच वेळ विचार केला आणि कारखान्याच्या शेठना फोन लावला.

"माल मिळाला. एक नग जास्त आहे."

त्याच संध्याकाळी शेठनी आदेशला समोर उभं केलं. खुर्ची मुद्दाम दिली नाही.

"हे बघ, तू माणूस चांगला आहेस. पण गादीच्या कारखान्यात झोपणारा माणूस म्हणजे मिठाईवाल्याकडं मुंगी. एक तर इलाज करून ये, नायतर येऊच नको."

आदेशचं वजन नक्की किती, हे कुणालाच माहीत नव्हतं. गावातल्या डॉक्टरांचा काटा एकशे तीसला थांबायचा आणि आदेश साधारण तिथून सुरू व्हायचा. पण खरं दुखणं वजनाचं नव्हतं, झोपेचं होतं. कल्याणच्या मोठ्या डॉक्टरांनी ते नीट समजावलं. गळ्याभोवतीच्या चरबीनं रात्री झोपेत श्वास अडकतो, माणूस न कळत दचकून जागा होतो, पुन्हा झोपतो, पुन्हा अडकतो. रात्रभर नुसता पडलेला असतो. मग राहिलेली झोप दिवसा वसूल होते, जिथं असेल तिथं.

आदेशची आई मैनाबाई हे सगळं नाव न कळता वर्षानुवर्षं जाणून होती. ती रात्री त्याच्या खाटेशेजारी काठी घेऊन बसायची. घोरणं चालू आहे तोवर ठीक. घोरणं थांबलं की बरगडीत काठी. बसलेल्या म्हशीला उठवावं तशी, बेतानं. ती स्वतः कधी झोपते हे तिला कुणी विचारलं नव्हतं. आदेशनंही नाही, कारण विचारायच्या आत त्याला झोप लागायची.

"मावशी, ऑपरेशन करून पोट लहान करावं लागेल," डॉक्टर म्हणाले.

"दुखतंय गळ्यात नि पोट कापताव?"

"पोट लहान झालं की खाणं कमी होईल, चरबी उतरेल, गळा मोकळा होईल."

"मंग गळाच लहान करा ना. पोटानं काय केलंय तुमचं?"

पण शेवटी ती तयार झाली. प्रश्न विम्याचा होता. कारखान्याचा विमा होता, कागद गेले आणि आठवड्याभरात उत्तर आलं. ते गावच्या सरपंच हर्षालीताईंनी ओट्यावर बसून मोठ्यानं वाचलं: 'सदर शस्त्रक्रिया सौंदर्यवर्धनासाठी असल्याने खर्च देता येत नाही.'

 सगळ्यांनी वळून आदेशकडं पाहिलं. आदेश भिंतीला टेकून झोपला होता, तोंड उघडं, ओठावर माशी.

"सौंदर्य?" दामूकाका म्हणाले. ते गावच्या भजनी मंडळाचे पखवाजी, आणि एरवी शब्द जपून वापरणारे.

"याच्या बापाला बघितला असता त्यांनी," मैनाबाई म्हणाली, "तर असं लिवलं नसतं."

हर्षालीताई गप्प बसणाऱ्यातल्या नव्हत्या. गावात पाण्याची टाकी आणायला त्यांनी केलेले अर्ज एकावर एक ठेवले असते तर टाकी बांधायची गरजच पडली नसती. वर चढून ढगातूनच पाणी घेता आलं असतं. त्यांनी ग्रामसभा बोलावली आणि ठराव मांडला: 'आदेश पष्टे हा शस्त्रक्रियेनंतरही सुंदर होण्याची कोणतीही शक्यता नाही, याची ही सभा ग्वाही देते.' ज्या सभेत गटाराच्या दिशेवरून दोन पिढ्या बोलत नव्हत्या, तिथं हा ठराव टाळ्यांनी मंजूर झाला. विरोधात एकच मत पडलं, आदेशच्या आत्याचं. तिला नंतर बाजूला घेऊन समजावलं.

ठराव शिक्क्यासह विमा कंपनीला गेला. तिथं तो कुणी वाचला, किती वेळा वाचला, हे कळलं नाही. पण उत्तर बदललं. झोपेचा आजार खरोखर असेल तर कंपनी फेरविचार करील. त्यासाठी आमचा माणूस येऊन प्रत्यक्ष पाहील.

"झालं काम!" हर्षालीताई म्हणाल्या. "आदेशला झोपताना बघायचं, एवढंच ना? ते तर आपल्याला टाळता येत नाय."

तपासनीस ठरल्या दिवशी सकाळी उशिरा आले. टिपणीस त्यांचं नाव. मुक्काम ठाण्याला, गाडी लहान, आणि ते त्या गाडीतून टप्प्याटप्प्यानं उतरले. पोटावरची बटणं एकमेकांना हात देऊन कशीबशी उभी होती. ओटा चढताच ते धापा टाकत खुर्चीत बसले आणि तांब्याभर पाणी प्यायले.

"मला काही सांगू नका," ते म्हणाले. "सगळे सांगतातच. मी फक्त बघणार. चार वाजेपर्यंत थांबतो."

समोर आदेश बसला होता. टक्क जागा.

पहाटेपासूनच तो असा होता. काळजीनं त्याच्या डोळ्यांतली झोप अशी उडाली होती की पापण्या कशासाठी असतात हेच तो विसरला होता. नोकरी, ऑपरेशन, आईच्या हातातली काठी, सगळं आज त्याच्या झोपेवर अवलंबून होतं, आणि झोप नेमकी आजच कुठं गावाला गेली होती.

"बस, भिंतीला टेक," मैनाबाई कुजबुजली. "भिंतीला टेकलास की लागते तुला."

तो टेकला. भिंत थंड लागली. आणखी जाग आली.

हर्षालीताईंनी टिपणिसांच्या पाठीमागून खूण केली: डोळे मीट. आदेशनं मिटले आणि घोरल्यासारखा आवाज काढला. तो मांजरीच्या पिल्लाच्या जवळपास गेला.

"पष्टे," टिपणीस म्हणाले, "झोपलेला माणूस नाक खाजवत नाही."

"नाय साहेब."

"आणि उत्तरही देत नाही."

मग जेवण आलं. मैनाबाईनं ठरवूनच केलं होतं: तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, गावठी कोंबडीचा रस्सा, वर भात आणि भातावर ताक. असल्या जेवणानंतर त्या गावात आजवर कुणी उभं राहिलेलं नव्हतं. एकट्या आदेशला वाढणं बरं दिसेना म्हणून सगळे बसले. टिपणीस आधी नको नको म्हणाले, मग रस्सा चाखून गप्प झाले, मग त्यांनी भात दोनदा घेतला.

आदेशनं ताटातलं संपवलं आणि हात धुऊन पुन्हा टक्क बसला.

"आता मी बघते," हर्षालीताई म्हणाल्या, आणि त्यांनी ग्रामपंचायतीचं अंदाजपत्रक आणवलं. त्या संथ, एका सुरात वाचू लागल्या. दिवाबत्ती. गटार दुरुस्ती. संकीर्ण. मागल्या वर्षीची शिल्लक. दुसऱ्या पानावर पोलीस पाटील कलंडले. तिसऱ्या पानावर आत्या. चौथ्या पानावर खुद्द हर्षालीताईंचा आवाज 'किरकोळ' या शब्दावर अडकला आणि त्यांची हनुवटी हळूच कागदांवर टेकली.

"काका, तुमी," आदेश काकुळतीला येऊन म्हणाला. "कायतरी संथ वाजवा."

दामूकाकांनी पखवाज मांडीवर घेतला. त्यांनी असा ठेका धरला की जणू लांब कुणीतरी चिखलात भात लावतंय. धिं… ता… धिं… प्रत्येक थापेच्या मधलं अंतर वाढत गेलं. मग एक थाप आलीच नाही. काका पखवाजाला मिठी मारून झोपले होते.

आदेशनं इकडंतिकडं पाहिलं. सगळं गाव झोपलं होतं.

अशी दुपार त्यानं कधी पाहिलीच नव्हती, कारण अशा सगळ्या दुपारी तो स्वतः झोपलेला असायचा. अंगणात ऊन दुधासारखं पसरलं होतं. गोरखगडाचा सुळका उन्हात हलत होता, बुडाला पाणी असल्यासारखा. कुत्रं सावलीतून उठलं, आणि दुसऱ्या सावलीत पोचायच्या आधीच मध्येच झोपलं. आंब्याच्या मोहराचा वास घरात येऊन जिथं जागा मिळेल तिथं बसला. खाटेच्या पायाला टेकून मैनाबाईही झोपली होती. काठी तिच्या मुठीत होती, पण मूठ सैल होती. आदेशला वाटलं, आईचा चेहरा आपण बऱ्याच वर्षांनी बघतोय. झोपेत ती वेगळीच दिसत होती, कुठलं तरी काम संपवून घरी आलेल्या बाईसारखी.

आणि खुर्चीत टिपणीस घोरत होते.

चांगलं, भरघोस घोरणं होतं; म्हशाला जाणाऱ्या ट्रकसारखं, चढावर. आदेश कौतुकानं ऐकत राहिला. मग ट्रक चढावर बंद पडला.

एकदम शांत.

आदेशला आधी कळलंच नाही की काय बदललं. मग कळलं. ही शांतता तो आयुष्यभर आतून जगला होता. बाहेरून आज पहिल्यांदा पाहत होता. टिपणीस साहेबांची छाती हलत नव्हती. ओठ निळसर व्हायला लागले होते. आणि शेजारी, गाढ झोपेत, मैनाबाईची बोटं काठीवर आपोआप आवळली.

त्यानं ती काठी आईच्या मुठीतून अलगद सोडवली आणि टिपणिसांच्या बरगडीत टोचली. बेतानं.

"हॉप्!" टिपणिसांनी श्वास घेतला, दुसऱ्या बाजूला कलले, पुन्हा ट्रक सुरू.

आदेशनं स्वतःसाठी एक खुर्ची जवळ ओढली. ऊन ओट्यावरून उतरून गोठ्याकडं गेलं, तरी तो तसाच काठी घेऊन बसला होता. घोरणं थांबलं की टोचत होता. मध्ये एकदा त्याला वाटलं की हे सगळं स्वप्नच आहे, पण स्वप्नात तो नेहमी गादीवर असायचा.

चारच्या सुमाराला टिपणिसांनी डोळे उघडले. समोर झोपलेलं गाव, आणि आपल्यावर काठी रोखून बसलेला धिप्पाड माणूस.

"मारतोस काय रे?"

"नाय साहेब. जगवतोय. तुमचा श्वास थांबतो."

"कुणाचा?"

"तुमचा. माझ्यासारखाच. माझ्यापेक्षा बरं घोरताव, पण थांबताव तेवढेच."

 टिपणिसांनी बरगडी चाचपली. एका जागी चांगलीच दुखत होती.

"सकाळी डोकं जड असतं का?" आदेशनं विचारलं. "सिग्नलला गाडीत डोळा लागतो?"

"मागचे लोक हॉर्न वाजवतात तेव्हा कळतं," टिपणीस हळूच म्हणाले. मग म्हणाले, "घरी मिसेस दुसऱ्या खोलीत झोपतात. घोरण्याचा त्रास होतो म्हणून. त्यामुळं थांबतो ते कुणाला…" त्यांनी वाक्य सोडून दिलं आणि खाली झोपलेल्या मैनाबाईकडं पाहिलं. "या रोज बसतात?"

"रोज. आज पयल्यांदा झोपलीय. तुमच्यामुळं."

टिपणिसांनी पेन काढलं. अहवाल तिथंच, मांडीवर लिहिला: 'अर्जदार तपासणीच्या वेळी पूर्णवेळ जागा होता. झोप मला लागली. आजार खरा असून तो किती गंभीर आहे याचा मी स्वतः अनुभव घेतला. अर्जदाराने वेळोवेळी काठी टोचली नसती तर हा अहवाल लिहायला मी नसतो.' खाली सही केली. मग कल्याणच्या डॉक्टरांचा नंबर मागून घेतला आणि जाताना बिरड्याचा डबाही.

आदेशचं ऑपरेशन झालं. चरबी उतरली, गळा मोकळा झाला, डॉक्टरांचा काटा पुन्हा कामाला आला. शेठनी त्याला परत घेतलं आणि टेम्पोवरच ठेवलं. रात्री घोरणं थांबलं की मैनाबाई सवयीनं काठी उचलायची, मग श्वासाचा मंद आवाज ऐकून पुन्हा खाली ठेवायची. ठेवता ठेवता तिथंच झोपायची.

पावसाळा उलटला आणि ठाण्याहून फोन आला.

"पष्टे, टिपणीस बोलतोय. माझा अर्ज नाकारला रे. माझ्याच कंपनीनं. सौंदर्यवर्धनासाठी, म्हणतायत."

"तुमचं?" आदेशच्या तोंडून निघून गेलं.

"आता बघायला माणूस पाठवतायत. परवा. आणि मी काल सकाळपासून टक्क जागा आहे."

हर्षालीताईंनी त्याच संध्याकाळी ग्रामसभा घेतली. टिपणीस गावचे नाहीत, अशी एक शंका निघाली. "पण आपण त्यांना बघितलंय ना?" ताई म्हणाल्या. "आणि आपण प्रत्यक्ष बघूनच ठराव करतो." टिपणीस साहेब शस्त्रक्रियेनंतरही सुंदर होण्याची शक्यता नाही, हे एकमतानं मंजूर झालं. या वेळी आत्यानंही हात वर केला.

परवाचा दिवस उजाडायच्या आत गावातून जीप ठाण्याला निघाली. पुढं ठरावाचा कागद, मागं पखवाज, अंदाजपत्रक, मांडीवर कोंबडीच्या रश्श्याचं पातेलं. मैनाबाई काठी घेऊन आदेशला टेकून बसली. मुरबाड मागं पडेपर्यंत सगळ्यांचं बोलणं एकेक करून विझलं. बाहेर धुकं खाचरांवर गादीसारखं अंथरलं होतं. खांद्यावर आईचं डोकं होतं. तिचा श्वास सरळ, न अडखळता चालला होता. काठी सैल मुठीतून निसटली तशी आदेशनं ती आपल्या मांडीवर घेतली.

"मागं आवाज नाय कुणाचा," ड्रायव्हर आरशात बघत म्हणाला. "सगळे आहेत ना रे?"

"आहेत," आदेश म्हणाला. "चाल तू सावकाश. माल झोपलाय सगळा. एक नग जागा आहे."