रतिलालचं वाकणारं सर्किट

थर पहिला, म्हणजे सगळ्यात वरचा

मंदाबाईने फ्रीज उघडला तेव्हा लोण्याचा वाडगा आणि हिरव्या मिरच्या यांच्या मधोमध एक चपटा डबा बसलेला होता. डब्यावर इंग्रजी अक्षरं होती आणि त्याखाली लाल चौकोन.

"हे काय आणून ठेवलं?"

"हात नको लावू," बाहेरून रतिलाल ओरडला. "चांदी आहे ती."

चांदी म्हटल्यावर मंदाबाईने लगेच हात लावला. "चांदीची जागा कपाटात असते."

"चांदीची शाई आहे. थंड ठेवावी लागते. तिने ओढलेल्या रेघेतून करंट जातो."

"माझ्या लोण्याशेजारी?"

उद्याच्या माणसाला आजची बायको समजून घेत नाही, हे रतिलालने गेल्या तीन महिन्यांत मान्य करून टाकलं होतं.

तीन महिन्यांपूर्वी, म्हणजे ब्याण्णवच्या डिसेंबरात, जळगावच्या औद्योगिक वसाहतीत पुण्याच्या एका गृहस्थांचं व्याख्यान झालं. चहा फुकट होता म्हणून रतिलाल गेला. गृहस्थांनी एक पारदर्शक प्लास्टिकचा कागद वर धरला, गुंडाळला, पुन्हा उलगडला आणि म्हणाले, "हे सर्किट आहे. उद्याचं इलेक्ट्रॉनिक्स तारांनी जोडलं जाणार नाही. ते छापलं जाईल. आणि छापणारे तुमच्यासारखेच लोक असतील." हे म्हणताना त्यांनी सहज रतिलालच्या रांगेकडे पाहिलं. त्या रांगेत बाकी सगळे पाइपवाले आणि डाळमिलवाले होते. छापणारा एकटा रतिलाल.

रतिलालचं स्क्रीन प्रिंटिंगचं दुकान होतं. छापायचा तो लग्नपत्रिका. आणि लग्नपत्रिकांना तो विटला होता. पत्रिकेत आत्याच्या नवऱ्याचं नाव राहिलं की आत्या थेट दुकानात येते. सर्किटला आत्या नसते. एवढ्या एका विचारावर त्याने लग्नसराईच्या तोंडावर गिऱ्हाइकांना समोरच्या दुकानात पाठवायला सुरुवात केली. "आम्ही आता पत्रिका छापत नाही," तो सांगायचा. "मग काय छापता?" असं कुणी विचारलं, की तो प्लास्टिकचा कागद वाकवून दाखवायचा. लोक मान हलवून समोर जायचे.

नरडाण्याला रुपचंदशेठचा कारखाना होता. ते विहिरीवरच्या पंपांचे कंट्रोल पॅनेल बनवायचे. त्यांच्या लोखंडी बटनांत धूळ जाऊन ती अडकायची, म्हणून त्यांना छापील, सपाट, धूळ न शिरणारी बटनं हवी होती. मंगळवारी अकरा वाजता पंचवीस नमुने आणायचे. पास झाले तर पाचशे नगांची ऑर्डर. नापास झाले तर रतिलालला समोरच्या दुकानदाराकडे जाऊन आपली गिऱ्हाइकं परत मागावी लागणार होती.

थर दुसरा

हा चांदीचा. चार बटनं : चालू, बंद, वेळ, रीसेट. चार बटनांच्या चार रेघा एकमेकींना न शिवता खाली उतरतात आणि पुढे पट्टीतून पॅनेलात जातात. न शिवता, हे महत्त्वाचं. पण ते रतिलालच्या वडिलांना, नानांना, कुणी सांगितलं नव्हतं.

थर तिसरा

हा पाचोऱ्याला होता.

वरचा आणि खालचा कागद एरवी चिकटू नये म्हणून मध्ये भोकांचा एक कागद लागतो. बोट दाबलं की भोकातून वरचं खालच्याला भेटतं, बोट काढलं की दोघं वेगळे. ही भोकं पाडायला पाचोऱ्याच्या उखर्डूकडे खोकी कापायचं यंत्र होतं. रतिलाल रविवारी पाचोऱ्याला गेला, म्हणून पुढचं सगळं झालं. उखर्डू पाड्याच्या बारशाला गेला होता असं कळलं. पाडा म्हणजे रेडकू. उखर्डू परत येईपर्यंत दुसरा दिवस उजाडला.

परत थर दुसरा, कारण त्याच वेळी दुकानात

जीवरामनाना सत्तरीचे. दुकान त्यांनी काढलेलं, अक्षरं अजून तेच काढायचे. पोराने जाताना छपाईची फिल्म त्यांच्या स्वाधीन केली होती. "जशी आहे तशी छापा नाना. कमी नको, जास्त नको."

नानांनी फिल्म खिडकीशी धरली. बराच वेळ पाहिली.

"तानुबाई, याला डोकं दिसतं का तुला?"

तानुबाई वीस वर्षं पत्रिकांना घड्या घालत होती. तिने डोळे बारीक केले. "नाही बा, नाना. बोडकंच आहे."

चाळीस वर्षांत त्या दुकानातून बोडका कागद बाहेर गेला नव्हता. पत्रिका असो, पावतीपुस्तक असो, केळीच्या गाडीची चिठ्ठी असो, वर 'श्री गणेश प्रसन्न' असायचंच. पोरगं घाईत विसरलं असणार. नानांनी बारीक कुंचला घेतला आणि चारी रेघांच्या वर नव्हे, तर मधोमध, जिथे जागा भरपूर होती आणि रेघा त्यांना वेलबुट्टीसारख्या वाटल्या, तिथे झोकदार अक्षरांत देवाचं नाव घातलं. अक्षरांवरची आडवी रेघ त्यांची खास. सरळ, जाड, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"आता कसं भरल्यासारखं वाटतं," तानुबाई म्हणाली.

पंचवीस कागद छापले. मंदाबाईच्या नानकटाईच्या ओव्हनमध्ये भाजून घेतले. सोमवारी दुपारी रतिलाल भोकं घेऊन आला, तेव्हा नानांनी त्याला दम खायला बसवलं आणि तानुबाईने थरावर थर चिकटवून टाकले. वर रंगीत झाकण बसलं. आत काय आहे ते आता कुणालाच दिसणार नव्हतं.

रतिलालने सेल आणि बॅटरीचा बल्ब घेऊन एकेक नमुना तपासला. बटन दाबलं की बल्ब लागायचा, सोडलं की विझायचा. शंभर बटनं, शंभर वेळा.

"नाना, एकही वाया नाही!"

"डोकं जागेवर असलं की काम होतंच," नाना म्हणाले. रतिलालला ती स्वतःची स्तुती वाटली.

मधली हवा

सुरत पॅसेंजर अमळनेरला पाऊण तास उभी राहिली. रतिलालने मांडीवरची नमुन्यांची पेटी कुणाला खाली ठेवू दिली नाही.

थर चौथा : नरडाणा, मंगळवार, अकरा वीस

कारखान्याच्या आवारात हौद होता. हौदावर पंप, पंपाशेजारी पॅनेल. रुपचंदशेठ पांढऱ्या बुटांत उभे होते. धुळ्याहून आलेला तरुण इंजिनीअर पंडित याने नमुना बसवला.

"दाबा, शेठ. चालू."

शेठनी दाबलं. पंप सुरू झाला. पाणी धो धो पडू लागलं.

"आता बंद."

शेठनी 'बंद' दाबलं. पंप चालूच.

"जोरात दाबा."

जोरात दाबलं. पंप क्षणभर थांबला आणि नव्या उमेदीने सुरू झाला.

"वेळ दाबून बघा," रतिलाल म्हणाला. वेळ दाबली. रीसेट दाबलं. जे दाबावं त्याला पंप 'चालू' समजत होता. हौद भरला, मग हौदाबाहेरचं आवार भरलं. पाणी शेठच्या बुटांपर्यंत आलं. शेठ विटेवर चढले. शेवटी वॉचमन झिपरूने शांतपणे जाऊन फ्यूज उपटला.

"दुसरा नमुना लावा," रतिलाल म्हणाला. दुसऱ्याने तेच केलं. तिसऱ्यानेही. आता शेजारच्या कारखान्यातले लोकही भिंतीवरून बघत होते.

पंडितने मीटर लावला. "भाऊ, तुमच्या चारही रेघा आत कुठेतरी एक झाल्या आहेत. एक बटन दाबलं की चारही दाबली जातात."

"शक्य नाही. मी स्वतः..."

पंडितने ब्लेडने झाकण सोललं. आतून चांदीत, लखलखीत, झोकदार अक्षरांत गणपती प्रसन्न झालेला निघाला. चारही रेघा त्याच्या डोक्यावरच्या आडव्या रेघेत येऊन मिळाल्या होत्या.

शेठनी विटेवरूनच हात जोडले. भिंतीवरच्या लोकांनी टोप्या काढल्या.

"सोपं आहे," पंडित म्हणाला. "ही वरची रेघ खरवडली की झालं." त्याने ब्लेड टेकवलं. मग उचललं. "भाऊ, तुम्हीच खरवडा."

"मी?" रतिलाल म्हणाला. "झिपरूभाऊ..."

"ना भो," झिपरू म्हणाला. "मना हात थरथरस."

"शेठ, मी दोन दिवसांत दुसरा छापून आणतो," रतिलाल घाईने म्हणाला. "देव बाजूला सरकवून."

शेठ विचारात पडले होते. सरकवण्याच्या नव्हे. "झिपरू, तुझ्या विहिरीवर पॅनेल आहे ना? तू किती बटनं वापरतोस?"

"एकच, शेटजी. चालूनं."

"आणि बंद कसा करतोस?"

"बंद कसाले करानं? लाईट जास ना. बठ्ठा पंप आपेआप बंद व्हतस."

पंडित स्वतः साक्रीकडचा होता, तिथेही लाईट गेली की सगळे पंप आपोआप थांबायचे; त्याला वाद घालता येईना. मग तो ऑफिसात गेला, शिपायाला बोलवायच्या घंटीचं काळं बटन भिंतीवरून काढून आणलं आणि पॅनेलला दोन तारा जोडल्या. झिपरूने फ्यूज लावला. बटन दाबलं. पंप सुरू झाला.

"हे बाजारात कुठेही मिळतं," पंडित हळूच म्हणाला. त्याने रतिलालकडे पाहिलं नाही.

रतिलाल पेटी बंद करू लागला. तेवढ्यात शेठ विटेवरून उतरले, सोललेला कागद त्यांनी उचलला आणि उन्हात धरला.

"अक्षर कुणाचं?"

"वडिलांचं."

"वाकतं का हे?"

"गुंडाळलं तरी मोडत नाही शेठ."

"चमक जाईल?"

"वर्षानुवर्षं नाही."

शेठनी कागद गुंडाळला, उलगडला, पुन्हा गुंडाळला. "पाचशे छापा," ते म्हणाले. "याच शाईत. आत चला, सविस्तर सांगतो."

शेवटचा थर

अर्ध्या तासाने शेठच्या ऑफिसातून जळगावला फोन लागला.

"काय रे, मिळाली का ऑर्डर?" नानांचा आवाज खरखरत आला.

"मिळाली."

"किती?"

"पाचशे."

"शाई?"

"तीच. चांदीची. प्लास्टिकवर, वाकणारी."

"म्हणजे तुझं ते उद्याचं कायसं झालं की! मग असा मेल्यासारखा का बोलतोस?"

रतिलालने समोर पाहिलं. शेठ खुर्चीत बसून बोटांवर मोजत काहीतरी आठवत होते. पंडितने कागदावर ऑर्डर लिहून सही केली होती : वाहक शाईची छपाई, लवचिक, एक थर, नग पाचशे.

"नाना, पेन घ्या. मजकूर सांगतो."

"सर्किटला कसला मजकूर?"

"लिहा," रतिलाल म्हणाला. "चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी सुनंदा, रुपचंदशेठ यांची ज्येष्ठ कन्या..."

नाना म्हणाले, "थांब, चष्मा लावतो. आणि आधी विचारून घे, मुलीला मामा किती?"

रतिलालने रिसीव्हरवर हात ठेवून विचारलं. शेठनी दोन्ही हात वर केले आणि तीन बोटं मिटली.

"सात," रतिलाल म्हणाला.