जाळाविना गोड

आमच्या गल्लीत कुणाच्या घरी दूध करपायला लागलं, तर ते त्या घरच्या बाईच्या आधी दत्तूअण्णांना कळतं. रस्त्यानं जाता जाता ते थबकतात, मान कलती करून कानोसा घेतात, आणि ज्या घराशी आपला काडीचा संबंध नाही, त्या घराच्या खिडकीत तोंड घालून ओरडतात, "ओ वहिनी! गॅस बारीक करा! खाली लागालंय!"

नवीन बाई असली की किंचाळतेच. मीसुद्धा किंचाळले होते. लग्न होऊन बेळगावात आले त्या पहिल्याच आठवड्यात माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत एकदम दोन पांढऱ्या मिशा उगवल्या. हातातलं उलथणं उडालं, मी भिंतीला चिकटले, आणि मिशा शांतपणे म्हणाल्या, "घाबरू नकोस. आता न्हाय लागायचं." त्यानंतर मी खिडकीला पडदा लावला. पडद्याचा काही उपयोग झाला नाही, कारण अण्णा दूध बघत नाहीत, ऐकतात.

मागच्या गल्लीतले एक पेन्शनर वारले तेव्हाची गोष्ट. आम्ही सगळे खाली माना घालून बसलो होतो. कुणीतरी हळू आवाजात गेलेल्या माणसाचे गुण सांगत होतं. तेवढ्यात पुढच्या रांगेतून अण्णा ओरडले, "अय्यो! लागालंय! उठा कोण तरी!" दोन म्हाताऱ्या दचकून भिंतीवर आदळल्या. मला तर वाटलं, आता दुसरं माणूस गेलं. आत खरंच सगळ्यांच्या चहाचं दूध करपत होतं. बायका आत धावल्या, आणि अण्णा पुन्हा मान खाली घालून दुःखाला बसले.

आता हा माणूस असा का, ते सांगते. अण्णांनी उभा जन्म एका मिठाईवाल्याकडं कुंदा ढवळला. बेळगावबाहेरच्या वाचकांसाठी म्हणून सांगते, कुंदा म्हणजे दूध आटवून आटवून, त्यात दही-साखर घालून, तपकिरी दाणेदार होईपर्यंत परतलेलं गोड. तासन्‌तास कढईपुढं उभं राहायचं आणि हात थांबवायचा नाही. त्यामुळं अण्णांचं जगाबद्दल एकच मत होतं, "ज्याला जाळ लागला न्हाय, ते गोड न्हवं."

श्रीखंडाला ते गोड मानत नसत. "दही गाळलं आन् साखर घातली, त्यात माणसानं काय केलं?" आइस्क्रीमचं तर नाव काढायची सोय नव्हती. फ्रिज त्यांनी घरात येऊ दिला नाही. फ्रिज म्हणजे शिळं जपून ठेवायचं कपाट, असं ते माझ्या फ्रिजसमोर उभं राहून मला सांगत.

दुकानात मात्र ते राजा होते. गिऱ्हाईक कुंदा तोंडात टाकत असलं की हे भटारखान्यातून हात पुसत बाहेर यायचे आणि विचारायचे, "कसं झालंय?" पुण्या-मुंबईची माणसं डब्यावर डबे बांधून न्यायची. रोज दुपारी ताज्या कुंद्यातला गरम गोळा द्रोणात घालून ते घरी आणत. बायकोनं, म्हणजे गंगाक्कानं, तो त्यांच्यासमोर खायचा आणि म्हणायचं, "चांगलं झालंय." एवढं ऐकलं की अण्णा जेवायला बसत. निवृत्त झाल्यावरही क्रम चुकला नाही. घरच्या छोट्या कढईत आठवड्यातून दोनदा कुंदा व्हायचाच.

आणि मग गेल्या वर्षी निपाणीला ते रिसेप्शन झालं.

अण्णांच्या पुतण्याच्या मुलीचं लग्न. आम्ही शेजारी म्हणून त्यांच्याच गाडीतून गेलो होतो. जेवणात शेवटी इवल्या काचेच्या पेल्यांतून काहीतरी आलं. खाली कॉफीत भिजलेला केक, वर पांढरी मऊ साय, परत केक, परत साय, आणि सगळ्यावर कोकोची भुकटी. तिरामिसू म्हणे, इटलीचं. मी आणि गंगाक्का कोपऱ्यात खुर्च्या टाकून बसलो होतो. आक्कानं एक चमचा तोंडात घातला आणि डोळे मिटले. पेला संपवला. मग स्वतः उठून दुसरा आणला. मग तिसरा!

मी चाटच पडले. ह्या बाईनं आजवर कुठल्याही पंगतीत गोड मागून घेतलेलं मी बघितलं नव्हतं.

"आक्का, एवढं आवडलं?"

"कॉफीचं हाय गं," ती म्हणाली. "लोंढ्याला आमच्या घरात कॉफीच असायची. आमचे वडील रेल्वेत. इथं नांदाय आले आन् चहाच्या घरात पडले. कोण इचारणार?" मग चमचा चाटून, अगदी सहज, भाजीचा भाव सांगावा तशी ती म्हणाली, "आन् खरं सांगू काय शुभा, आमच्या ह्यांचा कुंदा मला जन्मात कधी आवडला न्हाय. घशाखाली उतरतच न्हाय बघ. त्रेचाळीस वर्सं पाण्याच्या घोटाबरोबर गिळाल्ये."

मी हसायला तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. तिच्या पाठीमागं हातात मसालेभाताचं ताट घेऊन अण्णा उभे होते.

मी डोळ्यांनी खुणा केल्या, खाकरले, तिचा पदर ओढला. आक्का आपली चमच्यानं पेल्याचा तळ खरवडण्यात गर्क. अण्णा ताट तसंच एका टेबलावर ठेवून बाहेर गेले. परतीच्या वाटेवर संकेश्वर गेलं, काकती आलं, माणूस पुढच्या सीटवर गप्प. आक्का म्हणाली, "ह्यांना गाडी लागली वाटतं."

तिसऱ्या दिवशी सकाळी अण्णा माझ्या दारात आले.

"बाई, ते कॉफीचं काय हुतं, ते मला शिकव."

मी खाली बसले. श्रीखंडाला शिव्या देणारा माणूस! "अण्णा, त्याला जाळ नसतो हो."

"म्हाईत हाय."

"फ्रिजमध्ये ठेवावं लागतं."

"ठिवू की. तुझ्यात हाय न्हवं फ्रिज?" मग मिशीवरून हात फिरवत, माझ्याकडं न बघता ते म्हणाले, "मी ऐकलंय हे तिला म्हाईत न्हाय. सांगू बी नकोस. साऱ्या गावाला इचारत हिंडलो, कसं झालंय, कसं झालंय. आन् घरात ही गिळत हुती. माझ्या हातचं एक तरी गोड तिला मनापासनं आवडाय पायजे गं. न्हायतर मी केलं काय जन्मभर?"

मी मोबाईल काढला आणि कृती वाचायला लागले. "अंड्याचा पिवळा बलक..."

"अंडं?" अण्णा उठून उभे राहिले. "शिजवून?"

"कच्चंच."

"अय्यय्यो! आन् ती माणसं जित्ती हाईत?"

"पुढं रम लिहिलीय. दोन चमचे."

अण्णांनी दार लावून घेतलं, गल्लीत कुणी ऐकलं तर काय, म्हणून. गुरुवारी कांदासुद्धा न खाणारा माणूस तो. आम्ही अंडं आणि रम दोन्ही खोडून टाकलं. उरलं ते असं. साय गरम करायची, लिंबू पिळायचं, घट्ट झाली की फडक्यात बांधून ठेवायची. "साय मी माझ्या घरात करतो," अण्णा म्हणाले. "काकतीच्या म्हशीची आणतो. एवढं तर येतंय मला."

आणि तिथंच घात झाला.

दुपारी ते पातेलं घेऊन आले. चेहरा पार पडलेला. मी झाकण काढलं. आत तपकिरी, दाणेदार, चकाकणारा कुंदा! कॉफीचा वास येणारा कुंदा!

"अण्णा, हे काय?"

"गरम कर म्हणालीस, केली. ढवळाय लागलो. मग हात थांबंनात गं," ते रडकुंडीला येऊन म्हणाले. "रंग बदलाय लागला तसा मला बी कळंना. साखर कवा घातली, दही कवा घातलं, शपथ सांगतो, म्हाईत न्हाय. भानावर आलो तवा कॉफी बी घालून झालेली."

साऱ्या गल्लीनं तो कॉफीचा कुंदा बोटं चाटत खाल्ला. आमच्या ह्यांनी तर विकायला काढा म्हणून सांगितलं. अण्णांना त्याचं काही नव्हतं. "तिला दिला," ते म्हणाले. "पाण्याचा तांब्या जवळ घेऊन बसली. खाल्ला. म्हणाली, चांगलं झालंय. बाई, त्रेचाळीस वर्सं त्याच आवाजात म्हणालीय गं ती. आन् मला कधी ऐकू आलं न्हाय."

रविवारी सगळं माझ्याच घरी करायचं ठरलं. अण्णांनी येताच पहिलं काम काय करावं? गॅसचा लायटर माझ्या हातात दिला. "कपाटात कुलपात ठेव. मी शेगडीकडं निघालो तर सरळ हात धर माझा." साय तापवायच्या भानगडीत आम्ही पडलोच नाही. टांगलेला चक्का घेतला, त्यात ताजी साय आणि पिठीसाखर घालून अण्णांनी असा फेसला की शेवरीचा कापूस. "श्रीखंडच की हे," असं दोनदा पुटपुटले, पण हात चालू होता.

कोपऱ्यावरच्या बेकरीतला साधा केक आणून त्याच्या बोटाएवढ्या लांब पट्ट्या केल्या होत्या. त्या कॉफीत बुडवून लगेच काढायच्या होत्या, आणि इथं आमचं भांडण झालं.

"काढा, अण्णा! काढा!"

"अगं, एवढ्यात काय मुरतंय? मुरू दे की जरा!"

पहिल्या चार पट्ट्यांची कॉफीतच लापशी झाली. मग मी "एक" म्हणायचं आणि त्यांनी काढायचं, असं ठरलं. शाळेतली माझी मास्तरकी अशी उपयोगी पडेल, असं मला वाटलं नव्हतं. थरावर थर लागले, चहाच्या गाळणीतून वर कोको भुरभुरला आणि काचेचं भांडं फ्रिजमध्ये गेलं. सहा तास तिथंच राहायचं होतं.

ते सहा तास अण्णा माझ्या घरातून हलले नाहीत. दुपारी आमचे हे बाहेरून आले तर स्वयंपाकघरात दत्तूअण्णा फ्रिजच्या दाराला कान लावून उभे! ह्यांच्या हातातली पिशवी गळून पडली. "अण्णा, काय ऐकताय?"

"कायच ऐकू येईना," अण्णा घाबऱ्या आवाजात म्हणाले. "व्हतंय का न्हाय, कळायचं कसं?"

संध्याकाळी ते भांडं आम्ही त्यांच्या घरी नेलं. आक्का शेंगा फोडत बसली होती. अण्णांनी स्वतः वाटीत काढून तिच्यापुढं ठेवलं आणि सरळ बाहेर कट्ट्यावर जाऊन पाठमोरे बसले. "तू बघ," मला कुजबुजून म्हणाले. "माझ्यानं बघवत न्हाय."

आक्कानं वाटीकडं बघितलं, मग माझ्याकडं, मग कट्ट्यावरच्या त्या पाठीकडं.

"हे कुणी केलं?"

"अण्णांनी."

"ह्यांनी? जाळाबिगर?" तिचा हात शेंगांतच थांबला. काहीतरी तिच्या ध्यानात येत होतं. "निपाणीला... ऐकलं काय गं ह्यांनी?"

अण्णांनी कुणाला सांगू नको म्हटलं होतं. पण तिच्या डोळ्यांत बघून मला खोटं बोलता येईना. मी मान डोलावली. आक्कानं पदर तोंडाला लावला. मग वाटी ओढली. एक चमचा खाल्ला, दुसरा खाल्ला. पाण्याला हात लावला नाही.

"अहो," तिनं हाक मारली, "आत या."

अण्णा शाळेतल्या पोरासारखे येऊन उभे राहिले.

"कॉफी जास्त झालीया," आक्का म्हणाली. "कडू लागतंय. केक बी मधनं कोरडा राह्यलाय. निपाणीचं ह्याच्याहून चांगलं हुतं."

आता ह्यांना सावरायचं कसं, म्हणून मी वळले. आणि अण्णांचा चेहरा बघते तर काय, असा उजळलेला! डोळ्यांतनं पाणी वाहत होतं आणि माणूस हसत होता. "कडू झालंय म्हणाली!" ते मला सांगायला लागले. "ऐकलंस न्हवं? केक कोरडा म्हणाली!"

"पण आवडलं मला," आक्का हळूच म्हणाली. "खरंच आवडलं. घ्या, तुमी बी खावा की."

अण्णांनी वाटी हातात घेतली. चमचा वाटीतच फिरवत राहिले.

"का हो? खावा की."

"गंगा," अण्णा म्हणाले. आक्काला नावानं हाक मारलेली मी प्रथमच ऐकली. "मला गोड आवडत न्हाय."

"आँ?"

"कधीच न्हाय आवडलं. दिवसभर त्या वासात राहून मळमळायचं."

आक्का उठूनच उभी राहिली, मांडीवरच्या सगळ्या शेंगा खाली. "मग दर सणाला चार-चार पुरणपोळ्या खात हुतासा त्या?"

"तू माझ्यासाठी म्हणून राबत हुतीस. न्हाय कसं म्हणणार?"

"अहो, मी कटाळून जात हुते त्या पुरणाला!"

आक्का हसायला लागली. हसता हसता रडायला लागली आणि पदरानं डोळे पुसत म्हणाली, "मग तुमाला आवडतंय तरी काय?"

अण्णांना पटकन सांगता येईना. इतक्या वर्षांत त्यांना कुणी हे विचारलंच नव्हतं. ते माझ्याकडं बघून ओशाळले, मिशी चाचपली, खाली बघितलं.

"पिठलं," ते म्हणाले. "झणझणीत. लसूण लई घालून. करशील काय?"

"करते की," आक्का म्हणाली, आणि पदर खोचून लसूण सोलायला बसली.

मी हळूच बाहेर पडले.