माणिककाकांची वाजंत्री

मोबाईलच्या दुकानात गेल्यावर लोक आधी कव्हर बघतात, कॅमेरा बघतात, हप्ते पडतील का विचारतात. माणिककाका सोनकांबळे आधी कापूस काढायचे. शर्टाच्या खिशातून पुडी काढायची, दोन बोळे वळायचे, दोन्ही कानांत घट्ट बसवायचे, त्यावर दुकानदाराचा हेडफोन चढवायचा आणि हातानंच खूण करायची, लावा. गाणं लागलं की काका डोळे मिटून उभे. थोड्या वेळानं हेडफोन उतरायचा, कापूस निघायचा आणि काका शांतपणे म्हणायचे, "पुढचं दाखवा."

हे मी ऐकून सांगत नाही. लातुरातल्या त्या सगळ्या दुकानांत मी त्यांच्या शेजारी मान खाली घालून उभी होते. काकांना स्कूटर येत नाही आणि रिक्षावाले त्यांच्या मते 'खामखा फिरवतेत'. त्यामुळे माझ्या स्कूटीच्या मागच्या सीटवर, एका बाजूला पाय सोडून, छत्री मांडीवर आडवी धरून ते बसायचे. मी जरा वेग घेतला की मागून आवाज यायचा, "आहिस्ता, मॅडम, आहिस्ता. आपल्याला कुठं आग इझवायचीय?"

काका आमच्या शेजारचे. ग्रामसेवक म्हणून निवृत्त झाले, सगळी नोकरी औसा आणि निलंगा भागात गेली. मी ज्युनिअर कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते, तेवढ्यावर त्यांनी मला 'मॅडम' करून टाकलं आणि विजेवर चालणारी प्रत्येक वस्तू माझ्या खात्यात घातली. त्यांचा मिक्सर बिघडला तरी मीच.

वस्तू घेण्याच्या बाबतीत काकांचा हात धरणारा माणूस मी पाहिलेला नाही. घरात प्लॅस्टिकच्या खुर्च्या घ्यायच्या होत्या तेव्हा दुकानातल्या एकेका खुर्चीत बसून त्यांनी पेपर वाचला. पुढच्या खुर्चीत पुढचं पान. कूलर घेताना समोर उभं राहून धोतराचा सोगा किती उडतो ते बघितलं. दुकानदार वैतागतात, पण भांडत नाहीत, कारण काका आवाज चढवत नाहीत. "तुमची तकलीफ कळतीय मला," असं म्हणतात आणि तकलीफ देत राहतात.

तर अशा काकांना या वर्षी गाणी वाजवायचं छोटं यंत्र घ्यायचं होतं. त्याला ते 'वाजंत्री' म्हणत. खिशात मावणारी वाजंत्री.

"काका, फोनवर सगळी गाणी येतात आता," मी पहिल्या दिवशीच सांगितलं. "वेगळं कशाला?"

"फोन नको. मधीच कुनीतरी कर्ज घ्या म्हनून फोन करतंय. आन् काचेवर बोट घासायचं ते तर बिलकुल नको. भाकरी थापणारं बोट काचंला वळखू येत न्हाई. बटनं पायजेत. मोठी. न बघता दाबता यावीत अशी."

काका भाकरी थापत नाहीत हे मला माहीत होतं. तरी त्या वेळी माझ्या डोक्यात काही आलं नाही.

दुकानांत मग एकच नाटक रोज चालायचं. दुकानदार नवे फोन पुढे करायचा, काका ते मागे सारायचे. कुणी अडगळीतून जुना प्लेअर शोधून काढलाच तर कापसाची परीक्षा. एकानं विचारलं, "काका, तुम्हाला बास जास्त पाहिजे का?"

"बस कशाला? स्कूटी हाय की भायेर."

"बास म्हणजे खालचा आवाज. धमधम."

"हां, पोटातला आवाज. तोच पायजे. चिरकं नको."

दुकानदारानं माझ्याकडे पाहिलं. धोतरातला हा माणूस घरी डीजे लावणार की काय, असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. मलाही कोडं पडलं होतं, कारण सकाळी काकांच्या रेडिओवर बासरी लागली की ते दाढी अर्धवट सोडून ऐकत बसतात. गालाला फेस तसाच. आणि आता मला गाण्यांचं सांगताना म्हणत होते, "कार्डात भीमगीतं भरा, लोकगीतं भरा, काय बी भरा. पन ज्यात ढोलकी न्हाई ते गानं नको."

लातूर संपलं. म्हणजे काकांनी 'पुढचं दाखवा' म्हणावं असं एकही दुकान उरलं नाही. मग एका रविवारी आम्ही एसटीनं नांदेडला गेलो. काकूंना सांगितलं की काकांच्या पेन्शनचं काम आहे. पेन्शनच्या कामाला कॉम्प्युटरची मॅडम कशाला, हे काकूंनी विचारलं नाही. नुसतं दोघांकडे पाहिलं आणि डब्यात चार धपाटे जास्त घातले.

नांदेडच्या वजिराबादेत एका जुन्या दुकानात वयस्कर गृहस्थ बसले होते. रेडिओ, टेपरेकॉर्डर, चार्जर, सगळं एकावर एक रचलेलं. काकांनी हवं ते सांगितलं. त्यांनी बोटभर लांबीचा, काळा, जाड बटणांचा प्लेअर काढला आणि सोबत कान पूर्ण झाकणारा मोठा हेडफोन. काकांनी कापूस काढला, बोळे वळले, कानात घातले. दुकानदारांनी यंत्र चालू केलं नाही. काकांच्या हातातून हेडफोन हळूच काढून घेतला, काकांनी कापूस काढेपर्यंत थांबले आणि मग विचारलं, "साहेब, घरात कोणाला कमी ऐकू येतं?"

एवढ्या दुकानांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मीही नाही, काकूंशी रोज मोठ्यानं बोलावं लागत असूनही. काकांनी बोळे पुन्हा पुडीत ठेवले.

"मंडळीला," ते म्हणाले.

मग त्या दोघांनी मिळून तो प्लेअर तपासला. दुकानदारांनी स्वतःच्याही कानात कापूस घातला. दोन म्हातारी माणसं आळीपाळीनं हेडफोन लावून डोळे मिटतायत आणि मान डोलावतायत, हे बघायला समोरचा चहावाला गाडा सोडून आला. शेवटी काकांनी डोळे उघडले, आणि पहिल्यांदाच 'पुढचं दाखवा' न म्हणता म्हणाले, "हे बांधा."

परतीच्या एसटीत त्यांनी सगळं सांगितलं. मी काही विचारलं नव्हतं. खिडकीबाहेर बघतच बोलत होते.

काकू भोकरजवळच्या एका खेड्यातल्या. त्यांच्या भावाची गायन पार्टी होती. भाऊ पेटीवर आणि मागे कोरसला काकू. "आमी मुलगी बघायला गेलो तवा ती घरात न्हवती, जयंतीच्या कारेक्रमात गात हुती. आवाज ऐकला आधी, मानूस नंतर." लग्नानंतर लातुरातही वस्तीतल्या प्रत्येक जयंतीला काकू गायच्या. मग कान हळूहळू जाऊ लागले. एका कार्यक्रमात गाणं संपलं, पेटी थांबली, कोरसच्या बाया थांबल्या आणि काकू एकट्याच पुढची ओळ गात राहिल्या. समोरच्या दोन मुली हसल्या. काकू घरी आल्या आणि म्हणाल्या, घसा बसलाय. तो बसला तो बसलाच.

"डॉक्टरनं कानाचं मशीन दिलं. घातलं चार दिस. म्हनली, लोक आता माज्या तोंडाकडं न्हाई, कानाकडं बघून बोलतेत. ठिवलं काढून. मी बी बळजबरी केली न्हाई."

"मग हे?"

"मागं आपल्या गल्लीतून वरात गेली न्हाई का? मी काय बोलतो ते तिला ऐकू येत न्हवतं, पन पीठ मळता मळता तिची बोटं परातीवर वाजायली हुती. ढोलकीवर. बराब्बर ठेक्यावर. तवा ध्यानात आलं, खालचा आवाज पोचतोय. आता तिला काय ऐकू येतं आन् काय न्हाई, हे मला कसं कळावं? म्हनून कापूस."

एवढं बोलून त्यांनी धपाटं काढलं आणि अर्धं मला दिलं.

आता प्रश्न होता देण्याचा. कानाची वस्तू म्हटली की काकू हात लावणार नाहीत. काकांनी त्याचाही विचार करून ठेवला होता. दुसऱ्या दिवशी मला बोलावलं आणि काकूंसमोर मला, खरं म्हणजे सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मॅडम, मी माझ्यासाठी वाजंत्री आणली, पन फसलो बघा. काय वाजतंय ते कळंना. तुमी म्हनता चांगलं हाय, मला वाटतं खराब हाय. तिसऱ्या मानसानं सांगावं."

तिसरं माणूस ज्वारी निवडत बसलं होतं. काकूंनी आधी काकांकडे, मग हेडफोनकडे पाहिलं. "हे हेल्मेट कशाला आनलंय?" त्या म्हणाल्या. तरी हात पुसले, पदर सारखा केला आणि हेडफोन लावला. काकांनी बटण दाबलं आणि आवाज वाढवत नेला.

काकूंनी सूप मांडीवर ओढलं. चेहऱ्यावर काहीच नव्हतं. काका बटणावर अंगठा ठेवून उभे. मग सुपातली ज्वारी थोडी हलली. काकूंचा हात सुपाच्या कडेवर पडत होता.

"ढोलकी हाय की यात," त्या म्हणाल्या. "खराब कुठं हाय? तुमचेच कान गेलेत."

"असंल," काका म्हणाले. "मग ठिव तुझ्याकडंच. मला काय उपेग?"

काका तसेच परसात गेले आणि बराच वेळ विनाकारण मोगऱ्याला पाणी घालत राहिले.

पंधरवडा गेला असेल. दुपारी कॉलेजातून येऊन घरात टेकले, तर बाहेर गल्लीत कुणीतरी गात होतं. गुणगुणत नव्हतं, मोकळ्या गळ्यानं, माईकशिवाय मैदान भरेल अशा आवाजात गात होतं. सूर मधेच कडेला जात होता, ठेका मात्र पक्का. मी धावत बाहेर आले. काकू ओट्यावर बसून, हेडफोन लावून, लसूण सोलत होत्या. स्वतःचा आवाज त्यांना पोचत नव्हता. त्यांच्या हिशेबी त्या मनातल्या मनात गात होत्या.

आणि काका गल्लीत दारोदार फिरत होते. माझ्याही दारात आले. हात जोडले होते.

"मॅडम, एक इनंती. तिचं गानं ऐकू जातंय म्हनून तिला सांगू नका. हसू नका, वा म्हनू नका, काहीच करू नका. कळलं तर पुन्ना गप बसंल." मग दोन पावलं जाऊन मागे वळून, "लई वरसांनी बोलायलीय असं वाटतंय."

गल्लीनं ते पाळलं. समोरच्या घरातले पोलीस, ज्यांची रात्रपाळी असते आणि जे कुकरच्या शिट्टीवरूनही भांडतात, ते दुपारी कानावर उशी घेऊन झोपू लागले. बाया भाजी निवडायला आपापल्या दारात येऊन बसू लागल्या, पण काकूंकडे कुणी बघायचं नाही. माझ्याही सवयीत ते गाणं बसलं. एखाद्या दिवशी नसलं तर चुकल्यासारखं व्हायचं.

परवा काकूंनी मला हाक मारून शेजारी बसवलं. काका आत चहा ठेवत होते. काकू माझ्या कानाशी आल्या आणि त्यांना हळू वाटणाऱ्या, म्हणजे चांगल्याच मोठ्या आवाजात म्हणाल्या, "मॅडम, माझं गानं समद्यांला ऐकू जातंय, व्हय ना?"

माझी नजर आतल्या दाराकडे गेली. नशिबानं आत स्टोव्ह फरफरत होता.

"कान गेलेत, डोळे न्हाई गेले माझे. बाया दारात येऊन बसतेत, त्यांचे पाय हलतेत ठेक्यावर. त्यो पोलीस बी गॅलरीत येऊन उभा ऱ्हातोय. येड्यावानी वाटलं आधी. मग म्हनलं, कुनी हसंना, तर गावं." त्या जरा हसल्या. "पन यांना सांगू नका मला कळलंय म्हनून. दारोदार हात जोडून आलेत बिचारे. खुशीत हायत."

त्यांनी हेडफोन चढवला, बटण चाचपून दाबलं आणि गाणं सुरू केलं. दारात चहाचा ट्रे घेऊन काका उभे होते; आतला स्टोव्ह कधी थांबला ते मला कळलंच नव्हतं. एका हातानं ट्रे सांभाळत त्यांनी दुसऱ्या हाताचं बोट ओठांवर ठेवलं आणि मला खूण केली, सांगू नका.

मी त्यांना होकाराची मान हलवली. मग काकूंकडे वळले आणि त्यांनाही हलवली.