हेल्गाकाकूंना न विचारलेला नियम

दिनकरकाका बेसबॉलचे नवे नियम करायचे आणि ते मैदानाच्या कडेच्या रिकाम्या बाकाला वाचून दाखवायचे. मग कान देऊन थांबायचे आणि हिरमुसून मला जर्मनमधलं 'नाही' ऐकवायचे, "नाइन. हेल्गा नको म्हणते."

हेल्गाकाकू म्हणजे त्यांची जर्मन बायको. त्या जाऊन वर्ष झालं होतं, पण हे मला आधी कुणी सांगितलंच नव्हतं. मी स्टुटगार्टला काँट्रॅक्टवर आलेला, कॉलिंग कार्डं खरवडून घरी फोन करणारा. काका वरच्या मजल्यावरचे. पहिल्याच शनिवारी मला ओढून सामन्याला घेऊन गेले. धुकं इतकं की चेंडू टाकणारा पिचर धड दिसेना. मी बाकावर टेकणार, तोच ओरडले, "अरे, मांडीवर बसतोस की काय तिच्या!"

मी टुणकन उठलो. पुढचे सगळे सामने उभ्यानंच पाहिले.

काकू या क्लबच्या कोच होत्या. काका निवृत्त इंजिनियर, गिअरबॉक्सवाले. बेसबॉलमधलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. तरी दर शनिवारी नवा नियम तयार. "आल्झो, तर मग, तीन स्ट्राइकला, तीनदा चेंडू हुकला की बाद? कंजूष लेकाचे! चार द्या." "नऊ डाव कसले, बारा खेळा! थरार पाहिजे रे, थरार!" मग बाकाकडे कान. "म्हणते, चार स्ट्राइक केले तर पिचरचा खांदा जाईल."

मी हसत हे नव्या कोचला सांगितलं. तो हसला नाही. "हेल्गा अगदी हेच म्हणाली असती," तो म्हणाला.

शेवटी एकदा न राहवून मी म्हटलं, "काका, थरार कसला? तुमच्या प्रत्येक नियमानं सामना नुसता लांबतोय."

काका बाकाकडे वळले.

"ती होती तेव्हा मी गाडीत पेपर वाचत बसायचो रे. लवकर आटप म्हणून हॉर्न वाजवायचो. शेवटच्या सामन्यालाही वाजवला. अर्धा खेळ सोडून आली बिचारी. चौथ्या दिवशी झोपेतच गेली."

मग खिशातून घडी केलेला कागद काढला. "हा नियम तिला विचारायचा धीर होत नाही. तू विचार. तुझ्यासारख्या पोरांना ती कधी नाही म्हणायची नाही."

मी बाकाकडे तोंड करून मोठ्यानं वाचलं, "बाद झालेल्याला एकदा तरी परत बोलावता यावं."

वेड्यासारखा मीही उत्तराची वाट बघत उभा राहिलो. काहीच ऐकू आलं नाही.

"काय म्हणाली?" काकांनी माझा दंड घट्ट धरला होता.

"हो म्हणाल्या."

"जर्मनमध्ये की मराठीत?"

"मराठीत."

"मग रागावलेली नाही," काका म्हणाले. "रागावली की नुसतं जर्मन बोलायची. एरवी सारखं अहो, अहो." आणि ते हमसून हमसून रडायला लागले.

सामना संपला, माणसं गेली, कुणीतरी फाटकही अर्धं लोटलं. मी त्यांना चला म्हणालो नाही.