भंगाळे अण्णांची चार खांबांची लिफ्ट

भंगाळे अण्णा आमच्या घरी पहिल्यांदा आले ते सत्यनारायणाच्या प्रसादाला. चपला काढल्या, देवाला नमस्कार केला, डाव्या हातावर शिरा घेतला आणि उजव्या हाताने शर्टाच्या खिशातून पत्र्याची मेजरिंग टेप काढून तिचं टोक माझ्यापुढे धरलं. "सर, हे जरा फरशीला टेकवून धरता का?" मी घरचा यजमान. सोवळ्यात. तसाच वाकलो. अण्णांनी टेप सरळ वर ढकलत छताला भिडवली, आकडा वाचला आणि एक सुस्कारा सोडला. "साडेदहा फूट! नशीबवान आहात तुम्ही." मग टेप खिशात गेली आणि ते शांतपणे शिरा खाऊ लागले.

ते गेल्यावर बायकोने विचारलं, "वास्तूचं बघतात का हो ते?"

वास्तूशी अण्णांचा काहीही संबंध नव्हता. नेपानगरच्या कागद कारखान्यात त्यांनी सगळी नोकरी मशीन-शॉपमध्ये काढली, फोरमन म्हणून रिटायर झाले आणि बुऱ्हानपुरात, लोधीपुऱ्यात, आमच्या समोरच्या घरात राहायला आले. घर अरुंद आणि उंच. खाली शटरचं गॅरेज, मागे स्वयंपाकघर, वर दोन खोल्या. वहिनी नोकरीच्या शेवटच्या वर्षातच गेल्या होत्या. त्यामुळे घरात अण्णा आणि गॅरेजात त्यांची जुनी, चौकोनी नाकाची पांढरी गाडी, असा दोघांचा संसार होता.

अण्णांच्या तोंडी एक वाक्य कायम असायचं. "माप पहिले, बात नंतर." कोणाच्या घरी नवं कपाट आलं की कपाटाआधी अण्णा हजर. लग्नात वऱ्हाड जेवायला बसलेलं असताना हे मांडवाचा खांब ओळंब्यात आहे का ते बघत फिरायचे. एकदा भाजीवालीशी त्यांचं वाजलं. भाव ठीक होता, पण तिची गाडी एका बाजूला इंचभर कलली होती. शेवटी स्वतःच चाकाखाली पाचर ठोकून आले. तेव्हापासून ती त्यांना कोथिंबीर तशीच द्यायची.

पण आमच्या छताचं माप त्यांना कशाला हवं होतं, ते मला महिनाभराने कळलं. मी शाळेत गणित शिकवतो. एका रविवारी अण्णा सकाळीच आले आणि म्हणाले, "सर, खडूचे चार रिकामे डबे पाहिजेत. आणि तुम्ही पाहिजेत. बेरीज तपासायची आहे."

आमच्या जेवणाच्या टेबलावर त्यांनी चार कोपऱ्यांत चार डबे उभे केले. त्यांच्यावर माझ्या दोन फूटपट्ट्या आडव्या टाकल्या. पट्ट्यांवर एक काडेपेटी ठेवली आणि खाली एक साबणाची वडी सरकवली.

"ही काडेपेटी म्हणजे माझी गाडी. साबण म्हणजे नितीनची. समजलं नी?"

नितीन म्हणजे त्यांचा मुलगा. इंदूरला नोकरी करतो, बायको आणि सहा वर्षांची मुलगी ओवी.

"हिला म्हणतात चार खांबांची लिफ्ट," अण्णा म्हणाले. "गाडी या दोन पाट्यांवर चढवायची. बटण दाबलं की पाट्या वर. वर एक गाडी, खाली एक गाडी. एका गॅरेजात दोन."

"पण अण्णा, नितीनची गाडी इंदूरला असते."

"येतो तेव्हा इथे असते नी?"

हे 'येतो तेव्हा' जरा सांगायला हवं. दोन वर्षांपूर्वी गणपतीत नितीन नवी मोठी गाडी घेऊन आला होता. गॅरेजात अण्णांची गाडी, म्हणून त्याने आपली गल्लीत लावली. आमच्या गल्लीतून दिवसभर कापडाचे गठ्ठे लादलेल्या हातगाड्या जातात. एकीने त्याच्या गाडीवर पुढच्या दारापासून मागच्या दिव्यापर्यंत रेघ ओढली. नितीन भांडला, गल्ली भांडली, कोणी त्याला "सडक तेरे बाप की है क्या?" असं विचारलं. बाप बिचारा शेजारीच उभा होता. त्या दिवसापासून नितीन सकाळी यायचा आणि संध्याकाळी परत. मुक्काम बंद. "बाबा, पार्किंगचा प्रॉब्लेम आहे," एवढंच म्हणायचा.

कारण तेवढंच असेल असं मला वाटत नव्हतं. पण अण्णांनी त्या वाक्यावर डोळे मिटून विश्वास ठेवला होता. मशीन बंद पडलं तर कुठलातरी एक पार्ट गेलेला असतो आणि तो बदलला की मशीन चालतं, या हिशोबाने त्यांचं आयुष्य गेलं होतं.

मग लिफ्ट निवडणं सुरू झालं. चार महिने चाललं. अण्णांनी फोनवर व्हिडिओ बघून वही भरली. दोन खांबांची की चार खांबांची, यावर त्यांनी मला पाऊण तास समजावलं. "दोन खांबवालीत गाडी पोटाखाली हात घालून उचलतात सर. चाकं हवेत लटकतात. चाकं खोलायची असली तर ती बेस्ट. पण उभी ठेवायची असेल तर गाडी आपल्या पायावर उभी पाहिजे. लटकलेली गाडी मला बघवत नाही." वरच्या गाडीचं तेल खालच्या गाडीवर टपकू नये म्हणून मधे ट्रे हवा, हे त्यांनी शोधलं. मग त्या ट्रेची उंची पुन्हा बेरजेत धरली. मी बेरीज तपासली, बरोबर आली, तरी त्यांनी ती तीनदा करायला लावली.

एक दिवस इंदूरहून लिफ्ट विकणारा माणूस आला. तरुण, टाय लावलेला. मोठं वर्कशॉप असेल अशा समजुतीने आला होता. अण्णांनी त्याला आधी मावा जिलेबी खायला घातली आणि मग शटर उघडलं. तो आत बघतच राहिला.

"अंकलजी, दिन में कितनी गाड़ियाँ आती हैं आपके यहाँ?"

"दिन में नहीं," अण्णा म्हणाले, "साल में. दो बार. दिवाली और आखाजी."

मला हसू आवरेना. मी खोकल्याचं निमित्त करून रस्त्यावर आलो. आज ते हसू आठवलं की चांगलं वाटत नाही.

त्या मुलाने सांभाळून घेतलं. माहितीपत्रकं पसरली, प्रत्येक खांबात आतून लोखंडी खटके असतात, दोर तुटला तरी पाट्या खटक्यावर अडकून राहतात, वगैरे सांगू लागला. एवढ्यात लाईट गेली. अण्णांचा चेहरा उजळला.

"अब बोलो! गाडी ऊपर है, लाईट गई. पोती नीचे खडी है, बोलती है, दादाजी, घूमने चलो. गाडी नीचे कैसे आएगी?"

"हाथ से भी उतार सकते हैं अंकल. ये लीवर है."

"दिखाओ."

तो फोटोत दाखवू लागला. अण्णांनी मान हलवली. फोटोतल्या लीव्हरवर त्यांचा विश्वास नव्हता. शेवटी त्या मुलाने स्वतःची टेप काढली, छत मोजलं आणि हळूच म्हणाला, "अंकल, दो फुट कम पड़ रहा है."

अण्णांना हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. म्हणूनच तर ते गावभर लोकांची छतं मोजत फिरायचे. कोणाचा स्लॅब किती उंच, तो कसा उचलला, कोणत्या मिस्त्रीने, एवढंच त्यांना हवं असायचं.

मिस्त्री आला. त्याने वर बघितलं, खाली बघितलं, जिना चढून वरच्या खोलीत जाऊन आला. म्हणाला, "खाली खोदलं तर पावसाचं पाणी गॅरेजात. स्लॅब वर घ्यायचा तर वरची खोली पाडावी लागेल."

"ती नितीनची खोली आहे," अण्णा म्हणाले.

"मग नितीनभाऊला विचारून घ्या."

ती खोली मी पाहिली होती. पलंगावर दोन गाद्या, दर पंधरा दिवसांनी गच्चीवर ऊन दाखवून परत घातलेल्या. खिडकीत ओवीसाठी छोटी खुर्ची. गाडीला जागा करायची तर माणसांची खोली जाणार होती. आठवडाभर अण्णा डबे घेऊन आमच्या टेबलाशी बसत आणि काडेपेटी उचलून परत ठेवत. "इंचाइंचाने बघतो आहे सर. कुठून तरी निघेल."

त्याच सुमारास मी एका लग्नाला इंदूरला गेलो. तिथे नितीन भेटला. पंगतीत शेजारी बसला, बाबा कसे आहेत म्हणून विचारलं. मी चांगलं काही सांगू शकलो असतो. ते गाद्यांना ऊन दाखवतात, हे सांगू शकलो असतो. पण चार लोक ऐकत होते आणि मला लोकांना हसवायची खोड. मी म्हणालो, "अरे, तुझे बाबा तर आता घरात गाडी टांगणार आहेत!" साबण, काडेपेटी, 'साल में दो बार', सगळं रंगवून सांगितलं. पंगत हसली. नितीन हसला नाही. पानातली जिलेबी तशीच ठेवून उठला.

दोन दिवसांनी, संध्याकाळी, अण्णा आमच्या टेबलाशी बसले असताना त्यांचा फोन वाजला. ते फोन घेऊन ओट्यावर गेले. मला तुकडे ऐकू येत होते. "नाही, नाही… पक्की असते ती, खटके असतात… हो. नाही, ओवीच्या डोक्यावर कशी पडेल… बरं. बरं बाबा. नाही आणत." बराच वेळ ते नुसतं ऐकत होते. आत आले, फूटपट्ट्या माझ्या हातात दिल्या, डबे एकात एक बसतात का बघितलं, बसले नाहीत, तेव्हा ओळीने लावून ठेवले.

"कॅन्सल, सर," ते म्हणाले. "नितीन म्हणतो, डोक्यावर गाडी टांगलेल्या घरात पोरीला आणणार नाही."

हे माझ्यामुळे झालं, असं तेव्हाच म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, "चहा घेता का?"

पंधरा दिवसांनी सकाळी शाळेत निघालो तर अण्णांचं शटर वर होतं आणि ते नळी लावून गॅरेज धूत होते. आत गाडी नव्हती.

"जसोंडीच्या एका माणसाने नेली," ते पाणी मारत म्हणाले. "ऐसा है सर, सोपा हिशोब होता. दोन गाड्या बसत नाहीत तर एकच ठेवायची. मी उगाच वर बघत बसलो."

दर रविवारी ते त्या गाडीने नेपानगरला जायचे. कॉलनीतले जुने सोबती, पारावरच्या गप्पा, संध्याकाळी परत. वहिनी असताना त्या शेजारी बसायच्या आणि वळण आलं की म्हणायच्या, "हळू." त्या गेल्यावर वळणावर अण्णा स्वतःच "हळू" म्हणतात, हे मी एकदा त्यांच्यासोबत गेलो तेव्हा ऐकलं होतं. गाडी गेल्यावर ते रविवारी घरीच दिसू लागले. "बसने जा ना," मी म्हणालो. म्हणाले, "बसमध्ये पाय मावत नाहीत." पाय मोजले नव्हते, हे माझ्या लक्षात आलं.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, नितीन आला. अण्णांनी भिंतींना चुना दिला होता, फरशीवर पांढऱ्या पट्ट्या आखल्या होत्या, आणि ते शटरपाशी उभे राहून दोन्ही हातांनी "आने दो, आने दो" करत होते. मोठी गाडी सरळ आत गेली. दोन्ही बाजूंची दारं उघडली.

"अरे वा," नितीन म्हणाला. "तुमची गाडी कुठे आहे बाबा?"

"सर्व्हिसिंगला दिली."

मी माझ्या ओट्यावर होतो. अण्णांनी माझ्याकडे एकदा बघितलं. मी पेपरात डोकं घातलं.

नितीन चार दिवस राहिला. दोन वर्षांत पहिल्यांदा त्या घरात वरच्या खोलीत दिवा लागला. पुरणपोळीचा वास आमच्यापर्यंत आला. ओवी दिवसभर गल्लीत खेळायची. तिसऱ्या दिवशी ती माझ्या ओट्यावर येऊन विचारू लागली, "काका, आजोबांची गाडी कधी येणार? ते मला हॉर्न वाजवू देतात. पप्पा नाही देत." मी म्हणालो, "येईल हं." गणित शिकवणारा माणूस मी, सरळ खोटं बोललो.

ते लोक गेल्यावर मला राहवेना. संध्याकाळी अण्णांकडे गेलो. ते रिकाम्या गॅरेजात खुर्ची टाकून बसले होते.

"अण्णा, एक सांगायचं होतं. लिफ्टचं नितीनला मी सांगितलं होतं. लग्नात. हसण्यावारी नेलं मी सगळं. चुकलं माझं."

"माहीत आहे," अण्णा म्हणाले. "फोनवर त्याने पहिलं तेच सांगितलं."

"मग तुम्ही मला कधी बोलला का नाहीत?"

त्यांनी मला बसायला दुसरी खुर्ची ओढली.

"सर, नितीनचा फोन रविवारी येतो. 'बरे आहात ना, गोळ्या घेतल्या ना, ठेवतो.' दोन मिनिटं. त्या दिवशी तो माझ्यावर बावीस मिनिटं ओरडला." ते जरासे हसले. "ओरडायला का होईना, बावीस मिनिटं बोलला. तुमच्यावर कशाला रागवू?"