तीन नंबरची कॉफी

कॉफीच्या बाबतीत माझी जीभ म्हणजे प्रयोगशाळा! त्यामुळे बायकोच्या एस्प्रेसो मशीनमध्ये सुधारणा करायचं ठरवलं, तेव्हा दाब मोजायचा काटा आणायला मी साफ नकार दिला. त्यातला पंप पाणी नको तितक्या जोराने ढकलतो, हे मला पहिल्याच घोटात कळलं होतं. तो जोर कमीजास्त करता आला की झालं!

पाहुण्यांच्या खोलीतल्या पंख्याचा रेग्युलेटर काढला, पंखा थेट जोडून टाकला आणि रेग्युलेटर पंपाला जोडून मशीनच्या बाजूला बसवला. एक ते पाच.

"हे फुटणार," बायको म्हणाली. "मशीन माझं आहे, लक्षात ठेव."

"फुटायला ते काय फुगा आहे?"

पुढे आठवडाभर मी तिला शिकवत होतो. एकवर पाणचट, पाचवर जहर आणि तीनवर... अहाहा! ती मुकाट्याने मान डोलवत पीत होती. पटलं म्हणायचं एकदाचं!

मग सासरे राहायला आले. निवृत्त मुख्याध्यापक. जरा अपमान झाला की बॅग भरतात. तिसऱ्या दिवशी सकाळी मी पहिला घोट घेतला, बटणाकडे पाहिलं आणि थेट बेसिन गाठलं.

"बटणाला कुणी हात लावला? हे एकवर आहे!"

"मी लावला," सासरे म्हणाले. अंगावर शाल, कानाला मफलर. "खोलीतला पंखा नुसता वादळासारखा फिरतोय. दोन दिवस त्याचं बटण शोधत होतो. इथे सापडलं."

"बाबा, पंख्याचं बटण स्वयंपाकघरात असतं का?"

"मग हे पंख्याचं नाही?"

"पंख्याचंच आहे! पण कॉफीचं आहे!"

आता तुम्हीच सांगा, यात माझं काय चुकलं? मी फक्त एवढंच म्हणालो, की ज्यांना चव कळत नाही त्यांनी चहा प्यावा. पाचव्या मिनिटाला सासरे बॅग घेऊन दारात!

"बाबा, थांबा!" बायको ओरडली. तिने मशीन ओढलं, बटण धरलं आणि उपटलं. ते अलगद हातात आलं. मागे एकही वायर नव्हती. होती फक्त चिकटपट्टी.

"तू बसवलंस त्याच दुपारी वायरमनला बोलावून पंप पुन्हा होता तसा जोडून घेतला. तेव्हापासून रोज एकसारखीच कॉफी पितोयस!"

मी संतापलो. माझ्याच घरात माझी फसवणूक! "आणि मला सांगितलं नाहीस?"

"तू इतका खूश होतास रे!"

सासऱ्यांनी बॅग खाली ठेवली, मफलर सोडला आणि ते ऐटीत खुर्चीत बसले.

"जावईबापू, एक कप द्या. एकवर करा हं!"

निमूटपणे दोन कप केले. एक त्यांना दिला, एक मी घेतला. आणि खरं सांगू? कुणाला बोलू नका, पण जरा पाणचटच लागली!