देवीने अडवून धरलेले यंत्र

पोलादपुरात व्हिडिओ गेमचे दुकान चालविणाऱ्या जितेशला २००१ साली एके सकाळी वर्तमानपत्रातून कळले, की ज्या परदेशी कंपनीचे यंत्र त्याच्या दुकानाचा प्राण होते, तिने यंत्रनिर्मितीच सोडली. यापुढे ती इतरांच्या यंत्रांसाठी केवळ खेळ रचणार. महाडचा व्यापारी काशीराम ते यंत्र घेऊन त्याबदली दुसऱ्या कंपनीचे द्यायला तयार होता. परंतु बाजाराच्या दिवसापर्यंतच.

"देऊन टाका," पत्नी सारिका म्हणाली.

"आनि कंपनी परत यंत्रं करू लागली म्हंजे?"

"तुमाला सांगून गेली काय ती, परत येते म्हनून?"

निर्णय होईना, तेव्हा जितेश यंत्र उपरण्यात बांधून डोंगरावरील आपल्या वाडीत, काळकाईला कौल लावण्यास गेला. वृद्ध गुरव रायबा यांनी यंत्र देवीपुढे ठेवविले, मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या लावल्या आणि गाऱ्हाणे घातले, "माते, यंत्र सोडलेली कंपनी परत यंत्र करनार असंल तर उजवी पाड, नसंल तर डावी."

एकही पाकळी पडली नाही. समईची ज्योतही हलेना. दुपार कलली, पाकळ्या सुकून गेल्या, तरी मूर्तीला चिकटूनच राहिल्या.

"काका, मी यंत्र घेऊन जातो."

"हात लावू नको रे! कौल सुटंपर्यंत पुढ्यातली वस्तू हालवायची नाय."

"आनि माझं दुकान?"

"ते बी तिच्याच पुढ्यात हाय असं समज."

दुकान बंद पडले. बाजाराच्या आदल्या सांजेस जितेश देवीची क्षमा मागून यंत्र उचलण्याच्या निश्चयाने देवळाशी आला आणि उंबऱ्याबाहेरच थबकला. आत निळसर प्रकाश थरथरत होता. देवीचे चांदीचे डोळे क्षणात उजळत, क्षणात विझत. माणसाचा नव्हे असा काहीसा घरघराट गाभाऱ्यातून येत होता.

मुंबईकर मंडळाने सभामंडपासाठी दिलेला टीव्ही गाभाऱ्याच्या दाराशी ओढून यंत्राला जोडलेला होता, आणि त्यापुढे मांडी घालून रायबा मोटार पळवीत होते.

"काका! हे काय?"

"गप रे जित्या, वळन हाय!"

पडद्यावर दोन मोटारी धावत होत्या. यंत्राचा दुसरा रिमोट देवीच्या पायाशी होता. त्याला कोणाचाही स्पर्श नव्हता, आणि त्याचीच मोटार पुढे होती.

"दुसरी... कोन चालवतंय?"

"इचारू नको. ती एकदा हरली तर कौल देईल, असं वाटलं मला. पर हरतच नाय."

जितेशने एक पाऊल मागे घेतले. परंतु उद्या बाजार होता.

"सरका, काका. तुमाला वळनं जमत नायत."

तो खेळावयास बसला. अखेरच्या वळणावर त्याने देवीची मोटार मागे टाकली. शेवटची रेषा समोर आली. तेवढ्यात त्याची दृष्टी त्या चांदीच्या डोळ्यांकडे गेली, आणि त्याचा अंगठा आपोआप सैल पडला. देवीची मोटार शेजारून निघून गेली.

त्याच क्षणी एक पाकळी गळली.

"उजवी," रायबा पुटपुटले.

"म्हंजे कंपनी परत येनार?"

रायबांनी बराच वेळ गाभाऱ्याकडे कान लावला.

"कंपनीचं काय बोलली नाय ती. तू उद्या परत ये, म्हन्ते."